पान सतरावरची विद्यार्थिनी

मेल तीन ओळींची होती आणि मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आली. पहिली ओळ: तुमच्या २०२० च्या मदतनिधी अहवालात पान सतरावर जे छापलंय ते माझं आहे. दुसरी ओळ: मला ती मदत मिळाली नव्हती. तिसऱ्या ओळीत नाव आणि फोन नंबर. इंग्रजी स्वच्छ, स्वल्पविरामासकट. नाव वल्लरी. दीप्तीने मेल दोनदा वाचली, उठून पाणी आणलं, ते न पिता पुन्हा एकदा वाचली. तिला पहिल्यांदा जे वाटलं ती भीती नव्हती. तिला जरा हसूच आलं. ही बाई खोटं बोलत होती, आणि हे या इमारतीत फक्त दीप्तीलाच ठाऊक असू शकत होतं, कारण पान सतरावरचं ते सगळं दीप्तीचं स्वतःचं होतं.

लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजकडे तातडीचा निधी आला तेव्हा ती न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या या ऑफिसात नवीन होती. पैसे वाटायचे आणि वाटले हे कळवायचं, अशी दोन कामं होती, आणि दोन्ही तिच्याकडे आली. अहवालाचा नमुना ठरलेला होता: अर्ज किती, मंजूर किती, अर्जापासून निर्णयापर्यंत सरासरी दिवस किती, नामंजुरीची कारणं, आणि शेवटी एक पान विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांत, त्याच्या संमतीने. अहवाल शुक्रवारी पाचपर्यंत जायचा होता. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती काम करत होती, तीन वर्षांची मुलगी इशिता पलीकडच्या खोलीत टीव्हीसमोर. सहा विद्यार्थ्यांना तिने संमतीसाठी लिहिलं होतं, एकाचंही उत्तर आलं नाही. चार वाजता तिने रिकाम्या पानावर टाइप करायला सुरुवात केली. अकरा दिवस मी भात आणि लोणच्याच्या बरणीतलं तेल खाल्लं. आई व्हिडिओवर असायची तेव्हा ताट कॅमेऱ्याच्या जरा खाली धरायचे आणि रिकाम्या ताटात चमचा वाजवायचे, म्हणजे तिला वाटावं मी जेवतेय. आणखी नऊ वाक्यं. खाली: विद्यार्थिनी, पदविका अभ्यासक्रम. सगळं मिळून बारा मिनिटं लागली, आणि एक शब्दही खोडावा लागला नाही. तिची वरिष्ठ न्गाईरे ते वाचून फोनवर म्हणाली, "हे खरं आहे ना, दीप्ती?" दीप्ती म्हणाली, "खरं आहे." ते म्हणताना तिला काहीही टोचलं नव्हतं. २०११ साली ऑकलंडच्या पापाटोएटोत शांतामावशींच्या मागच्या खोलीत ती राहायची, शिकत होती, तिच्यापुढे ताट होतं, फोनवर आई होती. विद्यार्थिनीच होती ती. कुठल्या सालची, असं नमुन्यात कोणी विचारलं नव्हतं.

मग ते पान चालू लागलं. निधी देणाऱ्यांना आवडलं, त्यांनी इतर कॉलेजांना अहवाल कसा लिहावा हे दाखवायला ते पाठवलं. पुढच्या वर्षी त्यातलं चमच्याचं वाक्य मोठ्या अक्षरात पोस्टरवर आलं, आणि ते पोस्टर जिन्याजवळ लागलं. दीप्ती चार वर्षं रोज त्याच्यासमोरून गेली. एका कार्यक्रमात न्गाईरेने ते मोठ्याने वाचलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईने चष्मा काढून डोळे पुसले होते, आणि मागे उभ्या दीप्तीला मनातून बरं वाटलं होतं, आपल्यावर कोणीतरी इतक्या उशिरा का होईना कळवळलं म्हणून. आता पाच वर्षांनी निधीवाले विचारत होते की त्या विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं. नवा अहवाल येत्या सोमवारी द्यायचा होता. त्यात पान सतरावरची मुलगी आता कुठे आहे हे असलंच पाहिजे, असं न्गाईरेने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, आणि गेले पाच आठवडे दीप्ती तिला शोधण्याचं नाटक करत होती.

"किया ओरा, दीप्ती. बघितलीस ना मेल?" न्गाईरे कपासकट टेबलाशी आली. साठीची बाई, लोकरीचं जाकीट, कानात हिरव्या दगडाचं कानातलं. दीप्तीला नोकरी दिली तिनेच, आणि इशिताच्या आजारपणात रोज भाजलेलं काहीतरी दारात ठेवून गेली तीही हीच. "आपण तिला शोधत बसलोय आणि ती आपणहून आली."

"ती म्हणतेय मदत मिळाली नाही."

"गैरसमज असेल. पुष्कळ मुलांची मदत थेट फीमध्ये वळती झाली, त्यांना पत्ताही नव्हता. तू भेट तिला. तुमच्या भाषेत बोल. संमतीपत्रावर सही आणि एक हसरा फोटो, बस. स्वीट ॲज, झालं काम." ती दोन पावलं गेली आणि वळली. "आणि समज नसेलच मिळाली, तर 'मदत मागितलेली विद्यार्थिनी' असं लिहू. तेही खोटं नाही."

जुनी प्रणाली अजून उघडत होती. नाव टाइप करताना दीप्तीचा हात स्थिर होता, तिला खात्री होती की काही निघणार नाही, किंवा निघालं तर दुसरंच काही, भाडं, लॅपटॉप, परतीचं तिकीट. अर्ज निघाला. ऑकलंड शाखा, पदविका. अडचणीचं वर्णन, शंभर शब्दांच्या आत. अकरा दिवस भात खातेय, आता बरोबर लोणच्याच्या बरणीतलं तेल. आईचा फोन येतो तेव्हा पुढे ताट ठेवते. तिला सांगितलेलं नाही. त्याखाली रकाना होता, न्यूझीलंडमधले नातेवाईक. काका, दीनानाथ, पापाटोएटो. त्याखाली निर्णय: नामंजूर, कारण क्रमांक चार, नातेवाईकांचा आधार उपलब्ध. निर्णय देणाऱ्याची आद्याक्षरं तिची. वेळ शुक्रवार, सकाळचे अकरा वीस. तिने मनात वजाबाकी केली, चारातून अकरा वीस गेले, चार तास चाळीस मिनिटं. मग परत केली, जणू उत्तर बदलणार होतं. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचा इशाऱ्याचा आवाज थांबत नव्हता.

योगायोग असतो, तिने स्वतःला सांगितलं. भात सगळेच खातात, लोणचं प्रत्येकीच्या बॅगेत आलेलं असतं. पण अकरा? तिला तर आपले ते दिवस अंगात आठवत होते: भाताच्या कडेने पसरलेलं तांबडं तेल, दाढेत अडकलेली मोहरी, सकाळी उठताना पोटात पडलेला पीळ. हे कोणी वाचून आठवत नाही. की आठवतं? आणि तो काका. तो रकाना वाचताना त्या शुक्रवारी ती थांबली होती, हे आता तिला फार स्वच्छ दिसू लागलं, इतकं की खुर्चीत बसवेना. आपल्याकडचं माणूस अशा रकान्यात कोणी नाही असं लिहीत नाही. ते लिहिणं म्हणजे घरच्यांना कमीपणा. म्हणून घरमालक लिहायचा, वडिलांच्या मित्राचा मेहुणा लिहायचा, विमानात शेजारी बसलेलं कुटुंब लिहायचं, आणि नात्याच्या जागी काका किंवा मावशी. तिने स्वतः २०११ मध्ये शांतामावशींचं नाव लिहिलं होतं, ज्यांना ती तोवर दोनदा भेटली होती. ऑफिसातल्या दुसऱ्या कोणी हा रकाना वाचला असता तर त्याला काका म्हणजे काकाच वाटला असता. तिला नाही. एक फोन पुरला असता. पण शंका आलेल्या प्रत्येकाला फोन करायचा म्हटलं तर सरासरी तीन दिवसांच्या वर जात होती, आणि तीन हा अहवालातला आकडा होता, आणि नामंजूर केलेल्या अर्जाचंही घड्याळ तिथल्या तिथे थांबतं. कारण चारखाली असे चौघे निघाले होते. पाचाहून कमी संख्या असली तर ओळख पटू नये म्हणून आकडा छापायचा नाही, रेघ छापायची, हा नियम तिनेच नंतर दोन नव्या मुलींना शिकवला. पान नऊवर तळाशी ती रेघ होती. वल्लरी त्या रेघेत होती, आणि आठ पानांनंतर तिच्या शब्दांत बोलत होती.

जेवणाच्या सुट्टीत ती गाडीत जाऊन बसली आणि शांतामावशींना फोन लावला.

"कोण, दीप्ती? आहेस का गं? मला वाटलं हॅमिल्टनच्या धुक्यात हरवलीस."

"मावशी, एक विचारायचं होतं. मी तुमच्याकडे होते तेव्हा... कधी उपाशी राहिले होते का मी?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "माझ्या घरात? कोण म्हणतं?"

"कोणी नाही हो. मलाच आठवत नाहीये नीट."

"अगं, दोन महिन्यांत तुझ्या जीन्सचं बटण लागेना! माझ्या दोन सलवारी नेल्यास, त्या अजून आणून दिल्या नाहीस. उपाशी म्हणे."

"आणि आईशी बोलताना मी ताट घेऊन बसायचे, ते?"

"हां, ते नाटक! रिकामं ताट घ्यायचं, चमचा वाजवायचा आणि म्हणायचं, आई, जेवतेय गं, नंतर बोलते. मी म्हणायचे, पोरीला आईशी बोलायचं नसेल तर नको बोलू दे, पण माझी भांडी कशाला बडवते. त्या अकाउंटिंगच्या पेपरात गेली होतीस ना तू तेव्हा. तिला सांगायचं नव्हतं तुला."

"हो," दीप्ती म्हणाली.

"का गं? काय झालं?"

"काही नाही. सलवारी आणून देते."

फोन ठेवल्यावर ती काच बंद करून बसून राहिली. नापास झाल्याचं ती विसरली होती असं नाही, पण ते कुठेतरी बाजूला, एखाद्या तळटीपेसारखं पडून होतं, आणि त्याच्या जागी भूक येऊन बसली होती, जी जास्त बरी दिसत होती. सहकाऱ्यांना तिने ती भूक किती वेळा सांगितली होती. इशिताने पोळी टाकली की तिला सांगितली होती. नवऱ्याला, प्रसादला, लग्नाआधी सांगितली होती का? नाही, लग्न २०१५ चं, आणि तेव्हा ही भूक तिच्या बोलण्यात कधी आलीच नव्हती. मग २०२० च्या आधी कोणाला सांगितली? तिने एकेक माणूस डोळ्यांसमोर आणला, आणि एकही सापडेना. चमचा तिचा होता. चमच्यामागचं पोट दुसरीचं होतं. त्या दिवशी सकाळी अकरा वीसला तिने ते वाचलं, बाजूला सारलं, इशिताला वरणभात भरवला, आणि चार वाजेपर्यंत ते तिच्या अंगात असं मुरलं की बोटांना ते आपलंच वाटलं. की बोटांना माहीत होतं? बारा मिनिटांत एकही शब्द न खोडता माणूस आठवून लिहितो की उतरवून काढतो, हे तिला ठरवता येईना. दुपारभर ती तीनदा जिन्याकडे गेली आणि पोस्टरपाशी न थांबता परत आली.

प्रसाद गावाबाहेर 'ते रापा' भागातल्या दुधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, दिवसभर नमुने तपासतो, म्हणून घरी त्याला कशाची तपासणी नको असते. भांडी लावता लावता त्याने सगळं ऐकलं. "हे बघ, सही करत असेल तर घे. नसेल करत तर पान काढून टाका. तू कशाला मध्ये पडतेस?"

"मीच आहे मध्ये."

"पाच वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय?"

"ती उकरतेय. आणि प्रसाद, संमती नसताना लिहिलं, अर्जातलं उचललं, नामंजूर करून उचललं. हे कळलं तर ते मला ठेवतील का?"

"म्हणून तर म्हणतोय, सही घे." त्याने डिशवॉशरचं दार लावलं. "चांगली नोकरी आहे. न्गाईरे चांगली आहे. शिवाय त्या मुलीचं आता काय अडलंय?"

सोफ्यावरून इशिता म्हणाली, "आय कॅन हिअर यू, यू नो. ममा, डिड यू स्टील समथिंग?"

"नाही गं," दीप्ती म्हणाली, आणि इशिताने मान वर करून तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

शनिवारी दुपारी ती वल्लरीला भेटायला ऑकलंडजवळच्या पुकेकोहेला पोचली. रस्ताभर तिने वाक्यं जुळवली होती, आणि प्रत्येक वाक्य कर्त्याविना होत होतं: अर्जाचा विचार करण्यात आला होता, त्या वेळची परिस्थिती लक्षात घेता, निर्णय घेतला गेला. नामंजुरीच्या पत्राचा मसुदाही तिचाच होता, खाली सही विद्यार्थी साहाय्य विभाग. दोन्ही बाजूंना तांबूस काळी माती, नुकतीच फिरवलेली, ओळीच्या ओळी सरळ. कॅफेत शाळकरी मुलींचा एक घोळका आणि कोपऱ्यात एक सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, निळं फ्लीस, छातीवर कांद्याच्या पॅकहाउसचा बिल्ला. ती उठून उभी राहिली.

"दीप्ती ना? मराठी चालेल?"

"चालेल काय, बरंच आहे."

"तुमचं नाव कळेपर्यंत मला वाटत होतं कोणीतरी गोरी बाई येईल, टिश्यूचा डबा घेऊन." वल्लरी हसली आणि लगेच थांबली. "मी फ्लॅट व्हाइट कॉफी सांगितलीय तुमच्यासाठी. नको असेल तर मी पिते, मला इथे हेप्स लागते, कपावर कप. सकाळी पाचला शिफ्ट."

तीन आठवड्यांपूर्वी समीर नावाच्या जुन्या वर्गमित्राने तिला पोस्टरचा फोटो पाठवला होता. डिग्रीचा कागद आणायला तो हॅमिल्टनला गेला होता. सेम तुझ्यासारखं, असं त्याने गमतीत लिहिलं, कारण कॉलेजात ती सगळ्यांचे डबे संपवायची. "मी वाचलं आणि मला घाम फुटला," वल्लरी म्हणाली. "मग ऑनलाइन अख्खा अहवाल काढून वाचला. भात माझा, तेल माझं, अकरा दिवस माझे. अर्जात लिहिलं होतं, समजू शकते. पण चमचा मी लिहिला नव्हता."

"नव्हता," दीप्ती म्हणाली.

"कोणालाच सांगितला नव्हता. दीनानाथकाकांच्या गॅरेजात राहायचे मी, त्याला खिडकीसुद्धा नव्हती. तीन आठवडे मी विचार करतेय, मला बघितलं कोणी?" तिने कपाच्या कडेवरचा फेस बोटाने पुसला. "वेड लागेल असं होतं हो. एवढंच सांगा. बाकी मला काही नको."

दीप्तीच्या पिशवीत संमतीपत्र होतं, तीन ठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेलं. हीच वेळ होती ते काढायची. अशी वाक्यं पुष्कळ मुली लिहितात, आम्ही दोन-तीन अनुभव एकत्र केले, असं म्हणता आलं असतं. तेही अगदी खोटं नव्हतं. शाळकरी मुली कशावर तरी खिदळत होत्या, मशीन वाफ सोडत होतं, आणि तिला जाणवलं की हे सुटकेचं वाक्य तिच्या तोंडात आधीच तयार आहे, जसं त्या शुक्रवारी चार वाजता ते पान तयार होतं.

"चमचा माझा आहे," ती म्हणाली. "मी पण वाजवायचे. पण मी उपाशी नव्हते. नापास झाले होते आणि आईशी बोलायचं टाळत होते. ते पान मी लिहिलंय. बाकी सगळं तुझ्या अर्जातलं आहे. मला पाच वर्षं वाटत होतं की तेही माझंच आहे. खरंच वाटत होतं. परवा तुझा अर्ज परत वाचला तेव्हा कळलं."

वल्लरीने कप बशीत ठेवला, जरा फिरवला. "परत म्हणजे आधी वाचला होता."

"हो."

"नामंजूर कोणी केला?"

"मी."

"का?"

"तू काका लिहिलं होतंस."

"घरमालक होते ते."

"मला माहीत होतं," दीप्ती म्हणाली.

हे तिने मोठ्याने पहिल्यांदाच ऐकलं. वल्लरीचा चेहरा काही क्षण तसाच होता, मग कानापासून लाल होत गेला. दीप्तीला वाटलं ती उठून जाईल, आणि मग वाटलं, जावी. पण ती बसून राहिली आणि बाहेर रस्त्याकडे बघत बोलू लागली. "तेराव्या दिवशी मीच काकांना सांगितलं. ते रोज दार वाजवून विचारायचे, सगळं ठीक ना पोरी? मी म्हणायचे, एकदम. सांगितलं तेव्हा ते पायरीवर बसले आणि रडले. म्हणाले, मी रोज विचारत होतो की नाही? अजून बोलून दाखवतात." ती वळली. "तुम्ही तर विचारलंसुद्धा नाही हो."

"नाही विचारलं."

"वेळ नव्हता?"

"एक फोन करण्याइतका होता. पण चार तासांनी बारा मिनिटं मला ते लिहायला मिळाली."

वल्लरीने हात पुढे केला. "ते पत्र आणलंय ना सहीचं? मेलमध्ये लिहिलं होतंत." दीप्तीने कागद काढून दिला. वल्लरीने तो पहिल्या ओळीपासून वाचला, उलटून कोरी बाजू वर केली आणि पेनासकट तिच्यासमोर सरकवला. "पान काढून टाकू नका. काढलंत की मग काही झालंच नाही असं होईल. राहू दे. पण खाली लिहा, हिचा अर्ज नामंजूर झाला. माझं पूर्ण नाव घाला, मला चालेल."

"झाला असं नाही लिहिता येणार."

"का?"

दीप्तीने पेनाचं टोपण काढलं. तिने लिहायला घेतलं. पान सतरावरचा मजकूर कोणाच्या अर्जातून घेतला, कोणाच्या संमतीशिवाय, कोणी लिहिला. अर्ज कोणी नामंजूर केला, किती वाजता. कारणाशी ती थांबली. क्रमांक चार हात आपोआप लिहू लागला होता, तो तिने खोडला, आणि पुढे लिहिलं: नातेवाईक नाहीत हे माहीत असताना, तीन दिवसांची मुदत पाळण्यासाठी. खाली स्वतःचं नाव, आडनावासकट. अक्षर वाकडं आलं होतं. वल्लरीने कागद ओढून दोनदा वाचला आणि त्याच्याखाली सही केली, घाईत नाही, प्रत्येक अक्षर सुटं. दीप्तीने फोनने कागदाचा फोटो काढला आणि न्गाईरेला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. तिला घराच्या हप्त्याचे कागद आठवले, इशिताची शाळा आठवली, आणि न्गाईरेने दारात ठेवलेले ते डबे, ज्यांचा विचार सगळ्यांत जड वाटला.

दीड मिनिटात फोन वाजू लागला, न्गाईरेचाच. टेबलावर तो थरथरत वल्लरीच्या कपाकडे सरकत होता. दीप्तीने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

"उचला," वल्लरी म्हणाली. "मी आहे इथे."

दीप्तीने फोन उचलला आणि स्पीकर लावला.